'बॅड लेफ्टनंट: पोर्ट ऑफ कॉल न्यू ऑर्लिन्स' बघण्याआधी १९९२ चा 'बॅड लेफ्टनंट' बघावा लागेल का?

नाही, अजिबात गरज नाही, डायरेक्ट २००९ चा लावा. नाव सारखं असलं तरी स्टोरी, शहर, पोलीस सगळंच वेगळं आहे, जुना सिनेमा दिग्दर्शक एबल फेराराचा, न्यूयॉर्कमधला, नट हार्वी कायटेलवाला, आणि हा दिग्दर्शक वर्नर हर्झॉगचा, ज्याने जुना आपण पाहिलेलाच नाही असं स्वतःच सांगितलंय. मी दोन्ही पाहिलेत, तेही उलट्या क्रमाने, काही अडलं नाही. यात पोलीस झालेला निकोलस केज कत्रिना वादळात तुंबलेल्या जेलमधून एका कैद्याला वाचवतो, पाठ कायमची जाते, मग पेनकिलर, मग कोकेन, आणि पुढे पुरावा म्हणून जमा केलेला मालही साहेब स्वतःच ओढतात. पाळत ठेवायला बसलेत आणि याला टेबलावर इग्वाना दिसतायत, बाकीच्यांना काहीच नाही, आणि कॅमेरा त्या सरड्यांच्या अगदी नाकाला लावलाय, हसून मेलो मी. फक्त एक, खुनाच्या तपासासाठी बघणार असाल तर तो भाग तसा ढिलाच आहे, आणि घरच्यांसोबत तर नकोच.