बाबांची सिस्ट आताच काढायची का?

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या स्वादुपिंडात सिस्ट दिसली. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘शाखा-नलिकेतील आयपीएमएन, १७ मिमी’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. दादा म्हणतो, कॅन्सर होईपर्यंत वाट कशाला बघायची, आताच काढून टाका. बाबांना आम्ही काहीच सांगितलेलं नाही. माझी झोप उडाली आहे.

उत्तर : आधी रिपोर्टमधले शब्द. आयपीएमएन म्हणजे स्वादुपिंडातला पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकेच्या अस्तरात होणारी, चिकट द्रव तयार करणारी वाढ; त्या द्रवाने भरलेली पिशवी म्हणजे सिस्ट. बाबांची सिस्ट मुख्य नलिकेत नाही, तिला येऊन मिळणाऱ्या लहान शाखेत आहे. दादाची घाई मला समजते. स्वादुपिंडाचा कॅन्सर बहुतेकदा उशिरा कळतो. पण शाखा-नलिकेतल्या बहुतेक सिस्ट कॅन्सरपर्यंत जातच नाहीत, आणि नेमकी कोणती जाईल हे सांगणारी एकच खात्रीची तपासणी आज नाही. डॉक्टर अनेक खुणा एकत्र बघून अंदाज बांधतात.

रिपोर्ट पुन्हा उघड. १७ मिमीवरची नजर काढ आणि मुख्य नलिकेची रुंदी शोध. ती ५ मिमीपेक्षा कमी असेल तर चांगलं. ५ ते ९ असेल तर आणखी तपास लागतो, १० किंवा जास्त असेल तर ऑपरेशनचा विचार गंभीरपणे होतो. सिस्टच्या आतल्या भिंतीवर कॉन्ट्रास्टने (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधाने) उजळणारी गाठ आहे का, हेही डॉक्टरांना विचार. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आकाराची काळजी साधारण ३ सेमीपासून सुरू होते. शंका वाटली तर एंडोस्कोपीतून जवळून सोनोग्राफी करतात, सुईने आतलं पाणीही काढून तपासतात. सीए १९-९ ही कॅन्सरचा संशय तपासणारी रक्ततपासणी मदतीला असते, पण पित्ताचा मार्ग अडला तरी ती वाढते.

ऑपरेशन लहान नाही, हे दादाला शांतपणे सांग. सिस्ट स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर त्या भागाबरोबर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडाही काढावा लागतो. पुढे मधुमेह होऊ शकतो. म्हणून ठरलेल्या वेळी पुन्हा एमआरआय करणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. सिस्ट वाढते आहे का, किती वेगाने, हे त्यातूनच कळतं.

आणि बाबांना सांगा. शरीर त्यांचं आहे. लघवी गडद होणं, अंगाला खाज सुटणं, पोटात वर दुखून पाठीत कळ जाणं, वजन उतरणं हे आधी त्यांनाच जाणवेल. कशाकडे लक्ष द्यायचं हेच माहीत नसेल तर ते अंगावर काढतील. असं काही झालं, किंवा अचानक साखर वाढली, तर सहा महिने थांबू नका. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर घेऊन जा, आणि नुसता कागद नको, आधीच्या एमआरआयची सीडीही न्या.