इमारतीकडे झुकलेली नीलगिरी उलट दिशेला पाडताना

कोथरूडच्या आपल्या सोसायटीतील अर्धवट वाळलेल्या नीलगिरीचा शेंडा बुंध्यापासून सुमारे २ मीटर इमारतीकडे गेला आहे, उंची १८ मीटर आणि बुंध्याचा व्यास ६० सेंटिमीटर आहे, तेव्हा दोराने ओढून ती मागच्या मैदानात पाडता येईल का, असे आपण विचारले आहे. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार लागणारी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळाली आहे असे धरून मी फक्त दिशेबद्दल लिहितो.

पडत्या झाडाला दिशा देते ती पुढची, म्हणजे पाडायच्या बाजूची, खाच आणि तिच्या विरुद्ध बाजूने घेतलेला मागचा काप यांच्यामध्ये मुद्दाम न कापता राखलेली लाकडाची पट्टी, जिला आम्ही बिजागरी म्हणतो. खाच व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी खोल असावी, मागचा काप तिच्या टोकापेक्षा थोडा वर घ्यावा, आणि बिजागरी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे येथे ६ सेंटिमीटर, दोन्ही टोकांना सारखी जाड राखावी. एका टोकाला ती जास्त कापली गेली की झाड जाड टोकाकडे वळते, आणि पूर्ण कापली गेली की दोर कितीही ताणलेला असला तरी बुंध्यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

आता आपल्या झाडाचा हिशेब पाहू. मागच्या कापात पाचर ठोकून खोड २.५ सेंटिमीटर उचलले, तर पाचर बिजागरीपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर असल्याने शेंडा जेमतेम १.१ मीटर सरकेल. उरलेला सगळा झुकाव दोरावर येईल. शिवाय वाळलेल्या लाकडाचे तंतू वाकण्याऐवजी तुटतात, त्यामुळे झाड उभे होण्याआधीच बिजागरी मोडू शकते, आणि तसे झाले तर ते इमारतीवरच जाईल. मुळशीत एकदा चौघे जण हाताने दोर ओढत झाडाच्या पडण्याच्या टप्प्यातच उभे होते. शेंडा त्यांच्यापासून हातभर अंतरावर आदळला, ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून ही नीलगिरी अखंड पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षित माणसाकडून, शक्यतो झाडावर न चढता क्रेनच्या पाळण्यातून, ती वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यावी. शेवटी उरलेले ४ ते ५ मीटरचे खोड, आतून पोकळ नसल्याची खात्री करून, बिजागरी राखून मैदानात पाडावे. त्या वेळीही खोडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कापणाऱ्याशिवाय कोणी नसावे, आणि त्याच्यासाठी मागे तिरकी, अडथळा नसलेली वाट आधीच मोकळी करून ठेवावी. संध्याकाळी मैदानात मुले खेळत असतील, तर काम सकाळीच उरकावे आणि फाटकावर एक माणूस उभा ठेवावा.