दोन काळांची कादंबरी पहिल्यांदाच लिहिताय? मग आधी एवढं करा

तुम्हाला आजच्या राजकन्येची प्रेमकथा आणि दुसऱ्या महायुद्धातलं नॉर्वे, श्रद्धेचा धागा धरून, एकाच कादंबरीत गुंफायचंय, हे तुमच्या पत्रात वाचून आनंद झाला. विषय छान निवडलात.

आधी खऱ्या तारखा कागदावर मांडा. ९ एप्रिल १९४० ला जर्मन आक्रमण झालं, त्याच सकाळी राजघराणं रेल्वेनं ऑस्लोतून निघालं. दुसऱ्या दिवशी राजे सातवे होकॉन यांनी नाझींच्या बाजूच्या क्विसलिंग या नॉर्वेजियन नेत्याला पंतप्रधान नेमायला नकार दिला. ७ जूनला राजांनी उत्तरेकडच्या त्रोम्सोहून ब्रिटिश युद्धनौकेतून देश सोडला आणि बरोबर ५ वर्षांनी, ७ जून १९४५ ला ते परतले. तुमची काल्पनिक माणसं या तारखांच्या मधल्या फटींत वावरू द्या. खऱ्या राजघराण्यातल्या कुणाला प्रेमकथा चिकटवू नका, राजकन्येसाठी काल्पनिक घराणंच घ्या.

नवे लेखक हमखास चुकतात ते इथे:

- श्रद्धा प्रवचन होऊन येते. १९४२ मध्ये क्विसलिंगच्या नाझीधार्जिण्या सरकारच्या निषेधार्थ नॉर्वेच्या बिशपांनी राजीनामे दिले. त्या ईस्टरला बहुतेक पाळकांनीही सरकारी पद आणि पगार सोडला. अशा घरातली मुलगी नायिका करून बघा. रिकाम्या डब्यांसमोर केलेली तिची प्रार्थना वाचकाला पटेल.
- दोन काळ नुसते शेजारी उभे राहतात. एकच वस्तू दोन्हीकडे न्या, उदाहरणार्थ समासात टिपणं असलेलं बायबल.
- दर पानावर काळ बदलतो. निदान एक अख्खं प्रकरण एका काळात राहू द्या.

शैली, उपकथानकं पुढे बघू. पहिली ३ प्रकरणं झाली की दाखवा, मी नक्की वाचेन.