घरगुती प्रोजेक्टरला स्वस्तातला दिवा कोणता लावावा?

भाऊ, तुम्ही घरीच प्रोजेक्टर बनवताय, म्हणजे दिव्याचा उजेड एलसीडी पॅनेलमधून पार करून पुढच्या भिंगाने चित्र भिंतीवर पाडायचं. तुमच्याकडे जुन्या टॅबलेटचं ७ इंची पॅनेल (पडदा) आहे, फ्रेनेल भिंगं (उजेड गोळा करणारी चपटी, खाचांची भिंगं) मागवून झालीत आणि आता हॅलोजन, मेटल हॅलाइड की एलईडी यावर गाडी अडलीय. त्यात शहाद्याकडचं गाव, लाइटचा भरवसा नाही, असंही तुम्ही लिहिलंय. सरळ सांगतो: १०० वॉटची एकच सीओबी एलईडी चिप (एकाच पट्टीवर दाटीने बसवलेल्या बारीक एलईडी) घ्या आणि ती ७० वॉटच्या ड्रायव्हरवर, म्हणजे तिला वीज पुरवणाऱ्या डबीवर, चालवा.

दिव्याचं गणित पॅनेलपासून सुरू होतं. रंगीत एलसीडीतला पहिला पोलरायझरच (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी फिल्म) निम्म्याहून जास्त उजेड खातो. पुढे प्रत्येक टिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच, म्हणजे उरलेल्यातलाही साधारण तिसरा हिस्साच पार होतो. वाटेतली बाकीची गळती धरली तर शंभरातले पाच-सात भाग पलीकडे पोचतात. राहिलेला उजेड पॅनेलमध्येच मुरतो आणि त्याची उष्णता होते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, रात्री जेवणं झाल्यावरही भिंती तापलेल्याच. पुण्यातल्या कुणाचा घरी बनवलेला प्रोजेक्टर दोन तास चालला म्हणून आपला चालेल असं धरू नका.

म्हणून हॅलोजन बाद. ५०० वॉटची नळी ९-१० हजार लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) देते खरी, पण खाल्लेल्या विजेचा बहुतेक भाग ती उष्णता म्हणून ओकते. पॅनेल तापलं की मधोमध काळा डाग उमटतो. थंड झाल्यावर तो जातोही, पण पोलरायझरची फिल्म एकदा पिवळी पडली की पॅनेल गेलंच समजा.

मेटल हॅलाइडचा उजेड मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडतो. १५० वॉटात हॅलोजनपेक्षा जास्त देतो. पण त्याला चोक लागतो, इग्नायटर लागतो, आणि तो इग्नायटर काही हजार व्होल्टचा झटका मारून दिवा पेटवतो. नवख्याने घरी उघडं ठेवून खेळायची ती वस्तू नाही. दुसरं असं की वावरातल्या मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज बसलं, की हा दिवा विझतो, आणि तापलेला दिवा लगेच पेटत नाही. तो निवेपर्यंत पाच-दहा मिनिटं सगळी मंडळी अंधारात.

मग एलईडीच घ्यायची तर साधे ९ वॉटचे दहा बल्ब एकत्र का लावू नयेत? किंवा मांडवात लावतात तो फ्लडलाइट? इथेच बहुतेक लोक फसतात. प्रोजेक्टरला नुसता जास्त उजेड पुरत नाही, तो लहान जागेतून निघावा लागतो. चिप, फ्रेनेल, पॅनेलची जागा आणि पुढचं भिंग रांगेत मांडा, पॅनेल मात्र लावू नका. पॅनेलच्या जागी पांढरा कागद धरा आणि तो कडेपर्यंत सारखा उजळेपर्यंत चिप पुढेमागे सरकवा. मग कागद काढून पुढच्या भिंगापाशी न्या. तिथे चिपचीच चौकोनी आकृती पडलेली दिसेल, बारकाईने पाहिलंत तर आतल्या ठिपक्यांच्या ओळीसुद्धा. तो चौकोन भिंगात मावला तर उजेड भिंतीवर जातो. मावला नाही तर जेवढा बाहेर, तेवढा डब्यातच वाया. चिपचा उजळणारा भाग दोन-अडीच सेंटीमीटरचा, म्हणून मावतो. दहा बल्बांचा ताटाएवढा पसारा कसा मावणार?

चिप ६००० ते ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे इथे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी घ्या. पिवळसर घेतलीत तर चित्रातली माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतील. चिपबरोबर ४४ मिलिमीटरचं भिंग आणि रिफ्लेक्टर मिळतो, तोही घ्या, नाहीतर तिचा उजेड चहूकडे फाकतो.

ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा, म्हणजे ठरलेला करंट कायम ठेवणारा हवा. १०० वॉटच्या चिपला साधारण ३० ते ३४ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. ७० वॉटचा ड्रायव्हर २.१ अँपिअर देतो. उजेड थोडा कमी होतो, उष्णता त्याहून जास्त कमी होते, आणि चिप टिकते. सगळं मिळून भार छताच्या पंख्याएवढाच, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवरही चालतं. ‘ड्रायव्हर लागत नाही, थेट २३० व्होल्टला जोडा’ म्हणून विकतात ती डीओबी चिप मात्र घेऊ नका. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्याहून वाईट म्हणजे तिच्यावर थेट मेनची वीज असते, आणि खालचं इन्सुलेशन कच्चं निघालं तर हीटसिंकला (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) हात लावताच शॉक.

हीटसिंक नवं घेऊ नका. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसरवरचा कूलर, पंख्यासकट, भंगारात किंवा जळगावला गोलाणी मार्केटात मिळून जाईल. चिप आणि कूलरच्या मध्ये थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारं मलम) पातळ लावा, चारही स्क्रू सारखे आवळा. कूलरशिवाय चिप ‘फक्त बघायला’ म्हणूनही पेटवू नका, काही सेकंदांत मरते. दुसरा पंखा पॅनेल आणि फ्रेनेल यांच्या फटीतून हवा खेचेल असा बसवा. बाहेर गरम हवा असली तरी वाहती हवा लागतेच. पेटलेल्या चिपकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

अपेक्षा किती ठेवावी? ७० वॉटवर चिप साडेपाच-सहा हजार लुमेन देईल असं धरा. निम्मा उजेड भिंगांनी पकडला आणि त्यातला पाच टक्के पॅनेलमधून गेला, तर भिंतीवर दीडशेच्या आसपास लुमेन. ६० इंची चित्राला अंधाऱ्या खोलीत हे छान पुरतं. गच्चीवर अमावास्येच्या आसपास जमेल. चौकातल्या गणपतीसमोर, स्ट्रीटलाइटखाली, अजिबात नाही. त्याला तयार प्रोजेक्टर भाड्याने आणलेला बरा.