पेटी आधी नको, नंतर

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, वय ४४. भजनी मंडळात गाते. एकदा ऐकलेली चाल डोक्यात बसते, पण पुस्तकातलं नोटेशन समोर आलं की तोंडच उघडत नाही. गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला बसायचंय. मुलीच्या पेटीवर एकेक सूर दाबते आणि त्याच्या मागून म्हणते. पेटी बंद केली की सगळं गडप. नणंद म्हणते, कान जन्मतःच असावा लागतो. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डी ऐकून तशाच्या तशा म्हणायचे. खरं आहे का? आणि नोटेशन बघून थेट गाता यायला काय करू?

उत्तर : ताई, नणंदबाईंचं अर्धं बरोबर आहे. कुमारजी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणत. पण तसला कान घेऊनही मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकायला बसावं लागलंच. आणि एकदा ऐकून चाल उचलता म्हणजे कान तुम्हालाही आहे की! अक्षर बघून गळा हलायची सवय तेवढी नाही.

पेटीची तुमची रीत उलटी आहे. माझं पोट पेटी शिकवूनच भरलं, तरी सांगतो : आधी गा, मग सूर दाबून तपासा. चुकलात तर पेटीला धरून सुधारू नका. परत सा वर या आणि तिथून तो स्वर पुन्हा उचला. पेटीनं सांगितलेला सूर लगेच विसरतो, आपण शोधलेला राहतो.

सा साठी तानपुरा लावा, मोबाईलवरचा चालेल. मिळाला तर खराखुरा. माझं घर वडगावात, यंत्रमागांच्या गल्लीत. दिवसभर खडखडाट. वीज गेली की सगळे माग एकदम गप्प होतात, आणि त्या शांततेत मी पोरांना तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडायला लावतो. कुणीही न लावलेला गंधार, म्हणजे ग, त्या तारेतून आपोआप ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकू आला की पोरं माझ्याकडं बघतात, मीच गुणगुणतोय की काय म्हणून. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर हा गंधार ३०० चा. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीवर तोच ३०२ च्या जरा पुढं जातो. म्हणून म्हणतो, पेटी तपासायला ठीक, पण गंधार तानपुऱ्याकडूनच शिका.

आता वाचन. भूप रागापासून सुरू करा : सा रे ग प ध. सरळ आरोह-अवरोह तोंडपाठ होतो, त्यात वाचणं काही नसतं. म्हणून कागदावर तोडून लिहा : सा ग, सा प, सा ध, ग ध, प रे. आधी नुसती स्वरांची नावं हातावर ताल धरून बोला, गाऊ नका. बरेचजण अडखळतात ते मात्रेत, आणि दोष देतात कानाला. बोलणं सुरळीत झालं की गा. भूप बसला की दुर्गा राग घ्या : सा रे म प ध. बाकी स्वर तेच, फक्त ग च्या जागी म. ग आणि म ची गल्लत फार जणांची होते, ती इथं उघडी पडते.

पुस्तक स्वर लिहायच्या कुठल्या पद्धतीचं आहे तेही बघून घ्या. भातखंडे लिपीत अक्षरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर लिपीत वरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडं म वर आली की तीव्र मध्यम, म्हणजे चढा म! तरुणपणी एका जुन्या पुस्तकातली बंदिश मी चारचौघांत म्हटली आणि मंद्रातला निषाद, म्हणजे नी, तार सप्तकात नेऊन ठेवला. तबलजी हात थांबवून हसला. तेव्हापासून पहिल्या पानावरची चिन्हं वाचल्याशिवाय मी पुस्तक उघडत नाही.

आणि तुमच्याजवळ जे भांडवल आहे ते वापरा. पन्नासेक भजनं तरी पाठ असतील? रोज एकाच भजनाची एकच ओळ घ्या आणि तिचे स्वर स्वतः वहीत लिहा. पहिली ओळ लिहायला अर्धा तास लागेल, लागू दे. सुरुवात सा पासूनच असेल असं धरू नका. बऱ्याच चाली प वरून किंवा ग वरून उठतात, तिथंच पहिला घोळ होतो. आठ दिवसांनी वही उघडून, भजनाचे शब्द झाकून, नुसते स्वर गा. चाल ओळखू आली तर तुम्ही नोटेशन वाचलंत. दुसऱ्याच्या पुस्तकातलं त्यानंतर.

मुलीलाही कामाला लावा. तुम्ही पाठ करून बसा, तिनं तीन स्वर वाजवायचे, तुम्ही लिहायचे. पोरींना आईची परीक्षा घ्यायला आवडतं.

दुर्गाच्या आठवड्यात म च्या जागी सारखा ग येईल, आणि हात आपोआप पेटीकडं जाईल. तेवढे दिवस मुलीला सांगून पेटी माळ्यावर ठेवा.