जोडीदार चालवतोय तेव्हा तू झोप

पोरा,

तुझा मेसेज दोनदा ऐकला. न्हावा शेव्याहून कंटेनर, बंगळुरूची खेप, डबल ड्रायव्हर, आणि जोडीदाराचं नावसुद्धा शेठने नीट सांगितलेलं नाही. तुझा प्रश्न एवढाच: रात्री तो चालवत असताना मी झोपू की जागा राहू? पुढे हळूच म्हणतोस, लायसन्स मागितलं तर त्याला राग येईल का.

राग आला तर येऊ दे. त्याचं नंतर बोलू. आधी झोपेचं.

तू झोपायचंस. बाजूच्या सीटवर गप्पा मारत नाही, मोबाइल छातीवर ठेवून नाही, मागच्या बिछान्यावर पडदा ओढून झोपायचंस. दोन ड्रायव्हरच्या गाडीत एकाची ड्युटी स्टेअरिंगवर आणि दुसऱ्याची बिछान्यावर. दुसरी ड्युटी चुकवलीस तर पहिली करायला तू लायक नाहीस. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला की ५० मीटर गेले, म्हणजे चाळीस फुटी चार कंटेनर एकामागे एक लावले तेवढं अंतर कोणी बघत नव्हतं. ही डुलकी कुणाला लागते? जो चार तास "जोडीदाराला सोबत" म्हणून जागत बसला आणि मग पहाटे तीनला स्टेअरिंगवर आला त्याला.

पण अनोळखी माणसाच्या हातात गाडी देऊन झोप लागत नाही, हे तुझं खरं आहे. म्हणून झोप येण्याची सोय गाडी उभी असतानाच करून ठेवायची.

लायसन्स बघ. आधी स्वतःचं काढून त्याच्या हातात दे, मग त्याचं माग. कार्डावर वैधतेच्या तारखा दोन असतात, एनटी म्हणजे खाजगी गाडीची आणि टीआर म्हणजे धंद्याच्या गाडीची. आपल्याला टीआरची तारीख हवी. एनटीची मुदत लांबची असते, तीच बघून लोक निर्धास्त होतात आणि टीआर कधीच संपलेली असते. मग अपघातात विम्याचा दावा अडकतो आणि नाव दोघांचं लागतं. ट्रेलर असेल तर तो चालवायचा अधिकार कार्डावर आहे ना, तेही वाच. कार्डाचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो घरी पाठव, त्याच्यादेखतच पाठव, आणि तुझ्या कार्डाचा फोटो त्यालाही त्याच्या घरी पाठवू दे. दोघांनी केलं की त्यात संशय उरत नाही.

तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे विचारत बसू नकोस. विचारायचं ते एकच: उस्ताद, उताराला गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवता?

"न्यूट्रल करतो, डिझेल वाचतं" असं उत्तर आलं तर त्या माणसाच्या मागे झोपायचं नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग राहत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर येतो. लायनर तापले की पाय दाबूनही पकड येत नाही. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला हवा कमी होत जाते आणि स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. परतीला कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलास की नवले पुलापर्यंतचा उतार लागेल. तिथे इतक्या गाड्या इतक्यांदा इतरांवर जाऊन आदळल्यात, त्यातल्या बऱ्याच याच न्यूट्रलच्या सवयीच्या. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो चढ चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. हे ज्याला न सांगता ठाऊक आहे त्याच्या मागे निम्मी झोप आपोआप लागते. न्यूट्रलवाला निघाला तर घाट आणि उतार तू घे, सपाटीचा रस्ता त्याला दे, आणि शेठला निघण्याआधी कळव.

तोंडाचा वास घे. जेवताना समोर बसलास की कळतंच. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, पण तू मोजायला बसू नकोस. त्या रात्री प्यायलेला असेल तर गाडी हलणार नाही, विषय संपला. जागं राहायची गोळी घेणाऱ्याचंही तेच. गोळी उतरते तेव्हा माणूस एकदम कोसळतो, आणि ती वेळ आधी कळत नाही.

आता वाटणी. इथे तुमच्यासारखी पोरं हटकून चुकतात. पोर्टाच्या रांगेत दिवस गेला की शेठ म्हणतो, "बसूनच तर होतास, आराम झाला." दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवावी लागते तिथे कसला आराम? त्या दिवशी रांगेत एकाने गाडी सरकवायची आणि दुसऱ्याने दुपारी दोन ते पाच मागे झोपायचं. दुपारी त्या वेळेला शरीर स्वतःच पेंगुळलेलं असतं, उकाड्यातही झोप लागते.

समजा संध्याकाळी सातला निघालात. भरलेली गाडी ताशी ४०-४५ च्या सरासरीने जाते. पहिली पाळी सात ते अकरा, म्हणजे खंडाळ्याचा घाट, पुण्याचा बायपास आणि खेड शिवापूरचा टोल. दुसरी अकरा ते तीन: खंबाटकी, आनेवाडी, तासवडे, कराडच्या पुढे. तिसरी तीन ते सात: किणी, कोल्हापूर, कोगनोळी, निपाणी. पहाटेची ही तिसरी पाळी सगळ्यांत वाईट. दोन ते पाच या वेळात शरीर झोपच मागतं, कितीही सराव असो. म्हणून ती त्याने घ्यायची जो अकरा ते तीन गाढ झोपला आहे, म्हणजे ज्याने पहिली पाळी चालवली त्याने. आणि अकरा ते तीनवाल्याने आपली झोप दुपारीच काढलेली हवी. संध्याकाळी सातला, घाटाच्या वळणावर, हॉर्नच्या गोंगाटात झोप लागेल या भरवशावर कुणी राहू नये. पहिली पाळी तू माग. नवा आहेस, उजेड-वर्दळीत तू सावध असतोस, आणि रात्रीची उत्तम झोप तुझ्या वाट्याला येते.

बदलायची जागा किलोमीटरवर ठरवू नका. टोल ओलांडून दिवे असलेला पंप किंवा ढाबा गाठा, रस्त्याच्या कडेला, शोल्डरवर, कधीच नाही. उठवण्याची वेळ पाळीच्या वीस मिनिटं आधीची ठेवा. गाढ झोपेतून उठलेल्याच्या डोक्यात पंधरा-वीस मिनिटं धुकं असतं, तो डोळे उघडे ठेवून झोपलेलाच असतो. तोंड धू, पाणी पी, मग दोघांनी मिळून गाडीला एक फेरी मारा. लाकडी दांडका प्रत्येक टायरवर मारायचा. हवा भरलेला टायर ठणकतो, बसलेला भद्द वाजतो, आणि जोडीच्या आतल्या टायरवर मारायला विसरायचं नाही, कारण तो बसला तरी बाहेरचा त्याला धरून उभा असतो. हाताची मागची बाजू चाकाच्या मधल्या हबजवळ ने. सगळे कोमट आणि एकच तापलेला असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग गेलंय. कंटेनरच्या सीलचा नंबर बिल्टीशी, म्हणजे मालाच्या पावतीशी, ताडून बघ आणि वेळेसकट फोटो काढ. माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाची, ई-वे बिलाची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, ती कुठे संपते ते दोघांना पाठ हवं. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला ब्रेक कसा लागतोय आणि हवेचा काटा कुठे राहतोय ते सांगायचं. मग तो गप्प. त्याची ड्युटी बदलली, आता झोपणं हे त्याचं काम.

बिछान्याचं सांगतो. रेक्झिनवर थेट पडू नकोस, घामाने पाठ चिकटते आणि तासाभरात उठतोस. सुती गोधडी अंथर. डोकं डाव्या बाजूला, पाय ड्रायव्हरच्या दाराकडे. टोलला, चेकपोस्टला त्याचं दार उघडतं-मिटतं, खिडकीतून उजेड येतो, तो पायावर येऊ दे. आडवा झोपलेला माणूस जोरात ब्रेक लागला की पुढे लोळतो, म्हणून पट्टा किंवा जाळी असेल तर लावायचीच. अमेरिकेत चालत्या ट्रकच्या बिछान्यावर असं बंधन नियमानेच लागतं, बिछानाही किमान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद हवा. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांत जाळी नसते, तेव्हा गोधडीची जाड वळकटी पुढच्या कडेला लाव. जॅक, पाना, सिलिंडर, पाण्याचा कॅन, यातलं काहीही बिछान्यावर नको. ब्रेक लागल्यावर ते तुझ्याआधी उडतं. झोपेच्या चार-पाच तास आधीपासून चहा बंद. आणि लाउडस्पीकरवर बोलणाऱ्या जोडीदाराला निघण्याआधीच सांग, कानात लावून फार तर गाणी ऐक, फोनवर बोलणं गाडी उभी करून.

दोघंही गाडी उभी करून झोपणार असाल तर बिछाना कुणाचा? पुढची पाळी ज्याची, त्याचा. वय, अनुभव, गाडी कुणाच्या नावावर दिली, यातलं काही मोजायचं नाही. दुसऱ्याने पुढच्या सीटवर आडवं व्हायचं. यावर भांडण झालं तर भांड. बाकी कशावरही नमतं घे, यावर नाही.

खिडक्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं उघड्या. केबिनमध्ये स्टोव्ह, शेगडी, निखारे, काहीही नाही, कितीही थंडी असो. बंद केबिनमध्ये निखाऱ्यांचा वायू वासाशिवाय माणूस मारतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. डासांची कॉइलसुद्धा बाहेर, गोधडी पेटायला ठिणगी पुरते. हँडब्रेक, गिअर, चाकाला लाकडी ठोकळा. किल्ली इग्निशनमध्ये नको आणि कुणाच्या खिशातही नको. दोघांना अंधारात सापडेल अशा एकाच खुंटीवर. खर्चीचे पैसे कमरेच्या पाउचमध्ये, हिशेब वहीत रोजचा रोज, दोघांसमोर.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या आवाजात होती. जोडीदार अंगाशी यायला लागला, नको तिथे हात लावला, तर भिडस्तपणा अजिबात करायचा नाही. दिवे आणि माणसं असतील तिथे उतर, फोन आणि लायसन्स बरोबर घे, ११२ लाव. हायवेवर मदतीचा नंबर १०३३ सुद्धा आहे. माल, वेळ, शेठ, सगळं नंतर. लाजायचं असेल तर त्याने.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः कुठे झोपत होता? नव्हतो झोपत. किती वर्षं जोडीदार चालवत असताना माझा डोळा मिटला नाही, आणि मी त्याला जबाबदारी म्हणत आलो. माज होता तो. त्यापायी किती पहाटा अर्धवट शुद्धीत चालवल्या याचा हिशेब मी करत नाही, कारण तो लागला तर झोप उडेल, आणि या वयात ती परवडत नाही. पण हेही ऐक: तेव्हाच्या कितीतरी केबिन बॉडीवाल्याने लाकडाच्या बांधलेल्या, इंजिन मांडीला चिकटून, बिछाना म्हणजे फळी. झोपणार कुठे? नियम तर तेव्हाही होता. देशभर चालणाऱ्या नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर आणि मागे पूर्ण रुंदीची झोपायची जागा सक्तीची होती. दोन ड्रायव्हरची ती सक्ती २०१८ मध्ये काढली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती, ती कागदावर सुखाने झोपून राहिली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. तुला मिळालीच तशी गाडी, तर तुझ्याकडे माझी सबब उरत नाही.

आणि गाडी चालत असताना मध्येच जाग आली, ती रस्त्याच्या डाव्या कडेच्या उंचवट्याच्या पट्ट्यांवर खडखडतेय, ब्रेक उशिरा लागतोय, त्याने मध्यरात्री काच पूर्ण खाली घेतलीय, तर ओरडू नकोस, दचकून तो स्टेअरिंग ओढेल. हळू आवाजात म्हण, उस्ताद, लघवीला थांबू. थांबलात की त्याला चहा पाज आणि लगेच वीस मिनिटं झोपव. चहाचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उशिराचा फोन शेठला तू कर. शिव्या खाव्या लागल्या तर खा.

मला फोन निपाणीच्या पुढे कर. पण उतरल्या उतरल्या नको. पाळी संपली की आधी मागे जाऊन झोप, उठलास की कर.

तुझा,
काका