हीटेड सीटचा दिवा लागून विझतो, सीट थंडच: पूर्ण सीट बदलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी ग्वाल्हेरला आहे, हीटेड सीट कंपनीचीच. ड्रायव्हरच्या बाजूचं बटण दाबलं की दिवा लागतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो. शेजारची सीट छान तापते. वर्कशॉपवाले म्हणतात, सीट असेंब्लीच बदला.

इतक्यात बदलू नका. मीटर (मल्टिमीटर) न लावता पूर्ण सीट बदलायला सांगणं मला मुळीच पटत नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणातच निम्मं निदान आहे. दिवा लागतो, म्हणजे बटणापर्यंत वीज येते आहे. मग हीटर चालू-बंद करणारं कंट्रोल मॉड्यूल सीटमधलं सर्किट तपासतं, ते कुठेतरी तुटलेलं किंवा सेन्सरचं माप वेडंवाकडं दिसलं की स्वतःच बंद करतं. शेजारची सीट चालते, त्यामुळे संशय याच सीटचा फ्यूज, खालचा कनेक्टर, आतलं हीटिंग पॅड आणि तापमानाचा सेन्सर या चौघांवर. बटण दाबून बघताना इंजिन चालू ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असलं किंवा बॅटरी उतरलेली असली की हीटर चालतच नाही.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. काढून मीटरच्या बीपवर तपासा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा घाला. परत उडाला तर शॉर्ट आहे, तो शोधायचा. मोठा फ्यूज घालून चालवायचं नाही, कारण मग फ्यूजऐवजी तार आणि तिच्याखालचा फोम जळतो.

सीटखाली हात घालण्याआधी एक गोष्ट. सीटच्या पाठीत साइड एअरबॅग असेल तर तिची वायरही तिथूनच जाते, बहुतेक गाड्यांत पिवळ्या आवरणात किंवा पिवळ्या कनेक्टरची. इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि दहा मिनिटं थांबा. पिवळ्या कनेक्टरला मीटरच्या पिना कधीही लावू नका. मीटरच्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते. तो कनेक्टर सुटा असताना इग्निशनही लावायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो आणि स्कॅनरशिवाय (गाडीतले दोष वाचणाऱ्या यंत्राशिवाय) विझत नाही.

आता सीट पूर्ण मागे सरकवून टॉर्च मारा. आपल्याकडे हा हीटर वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन महिने वापरला जातो. बाकीचे महिने कनेक्टर धुळीत, मग पावसाळ्याच्या ओलीत, शिवाय आतून गाडी धुताना कार्पेटमध्ये मुरलेलं पाणी. पिनांवर काळपट किंवा हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, पॉलिश पेपरने घासू नका. पिनेवरचा मुलामा जातो आणि गंज लवकर परततो. एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर ती पीन सैल होऊन तापत होती. साफ करून भागणार नाही, टर्मिनलच बदला. वायरची जुडी सीट पुढे-मागे सरकताना रेलमध्ये चेपली जाते, तीही पूर्ण बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर याच जागी सापडते.

कनेक्टर ठीक असेल तर पॅड मोजा. हीटरचा कनेक्टर सोडवा आणि सीटच्या बाजूने, जाड वायरच्या दोन पिनांमध्ये, ओहम मोजा. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून येणारं माप (0.2 ते 0.5 ओहम) वजा करा. चांगल्या सीटचं माप साधारण 1.5 ते 5 ओहमच्या दरम्यान येतं. नेमका आकडा गाडीवर अवलंबून, पण तुमच्याकडे उत्तम तुलना आहे: शेजारची चालू सीट. तीही याच पद्धतीने, बॅटरी काढलेली असतानाच मोजा. मीटर ‘ओएल’ (OL, म्हणजे माप मर्यादेबाहेर) दाखवत असेल तर पॅड किंवा त्याची वायर तुटली आहे. बैठकीचं आणि पाठीचं पॅड बऱ्याच गाड्यांत सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेलं असतं, त्यामुळे एक तुटलं की दोन्ही थंड पडतात. म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजल्याशिवाय नवं पॅड विकत घेऊ नका.

बारीक वायरी सेन्सरच्या. अनेक गाड्यांत हा सेन्सर 25 अंशांना सुमारे 10 किलोओहम दाखवतो. गारठ्यात, 10 अंशांना, 20 किलोओहमच्या आसपास जातो आणि हाताच्या उबेने सावकाश उतरतो. माप अनंत, शून्य किंवा उड्या मारणारं असेल तर बिघाड सेन्सरचा. तो पॅडवरच शिवलेला किंवा चिकटवलेला असतो, त्यामुळे बहुधा पॅडसकटच बदलावा लागतो. त्याच्या जागी साधा रेझिस्टर लावून मॉड्यूलला फसवण्याचा सल्ला कोणी दिला तर स्पष्ट नाही म्हणा. सीट किती तापली हे मॉड्यूलला मग कळणारच नाही.

दोन्ही मापं बरोबर असतील तर वीज पोचते का ते बघा. आधी पिवळा कनेक्टर जागेवर, मग बॅटरी जोडा. हीटरच्या कनेक्टरच्या गाडीकडच्या अर्ध्यात, जाड वायरच्या दोन पिनांना, इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावा, इंजिन सुरू करा, बटण दाबा. मीटरपेक्षा बल्ब बरा, कारण मॉड्यूल वीज तुकड्या-तुकड्यांत देतं आणि मीटरवर भलताच व्होल्टेज दिसतो. दिवा विझण्याआधीच्या त्या चार सेकंदांत बल्ब पेटला पाहिजे. नाही पेटला तर अर्थिंगची वायर, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा मॉड्यूलकडे वळा.

पॅडच तुटलं असेल तर कव्हर काढणं आलं. ते फोमला लोखंडी कड्यांनी आवळलेलं असतं. कड्या कापून काढायच्या आणि नव्या घालायच्या, त्यासाठी हॉग रिंगचा पक्कड लागतो. तो नसेल तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सीट कव्हर शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून एवढंच काम करून घ्या. पाठीला हात लावताना साइड एअरबॅगची शिवण कुठे आहे ते त्याला आधी दाखवा, कारण ती मुद्दाम फाटण्यासाठीच केलेली असते. तुटण्याची ठरलेली जागा म्हणजे दाराकडचा उंच कडा, जिथून आपण घसरत बसतो. दुसरी, बैठकीचा मधला भाग, जिथे गुडघा टेकून लोक मागच्या सीटवरचं सामान काढतात. तिथे फोम पिवळट झालेला किंवा कापडावर बोटाएवढा तपकिरी डाग दिसला की तुटलेलं टोक त्याखालीच आहे.

ते जोडावं का? तांब्याच्या जोडवायरीचं टोक तुटलं असेल तर जरूर: तांब्याची स्लीव्ह क्रिम्प करा (दाबून घट्ट बसवा), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. प्रत्यक्ष तापणारी तार मात्र मी जोडणार नाही. ती बहुधा अशा मिश्रधातूची असते की साधं सोल्डर धरत नाही, कार्बन फायबरला तर सोल्डर लावताच येत नाही, आणि जोडाची कडक गाठ पुन्हा तुटते किंवा तिथेच चटका बसतो. तुटलेला वेढा वगळून दोन टोकं जोडणं त्याहून वाईट. समजा 3 ओहमचं पॅड 2.4 ओहमवर आलं; 13.8 व्होल्टला करंट 4.6 वरून 5.75 अँपियर होतो आणि 63 वॅटचे 79 वॅट, तेही कमी तारेत. नवं पॅडच घ्या, तुमच्या मॉडेलचं मिळालं तर उत्तम. बाजारातलं युनिव्हर्सल कार्बन पॅड घ्याल तर ते मूळ मॉड्यूलला जोडू नका. किटमधलाच रिले, फ्यूज आणि स्विच वापरा. पॅड चिकटवताना एकही घडी राहू देऊ नका, घडीत उष्णता साठते.

जुळवणी झाल्यावर सीटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळा. मग पूर्ण क्षमतेवर पंधरा मिनिटं चालवून हाताने सगळा पृष्ठभाग चाचपा. एकच ठिपका जास्त तापत असेल तर बंद करून पुन्हा उघडा. इग्निशन लावल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाहीतर आधी स्कॅन करून घ्या. घरात कुणाला मधुमेहामुळे पायांत किंवा मांड्यांत बधिरपणा असेल तर त्यांच्यासाठी सीट कमी पातळीवर, तीही थोडाच वेळ लावा. कातडी भाजत असली तरी त्यांना वेळेवर जाणवत नाही.